टीईएममध्ये 20 नॅनोमीटर, डीएलएसमध्ये 64: प्रबंधात कोणता आकडा लिहायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. चांदीचे नॅनोकण, वर पीव्हीपी या पॉलिमरचा थर. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंवरून सरासरी व्यास 20 नॅनोमीटर, कमीजास्त 4. त्याच सॅम्पलचा डीएलएसचा (विखुरलेल्या लेझर प्रकाशावरून द्रवातल्या कणांचं माप काढणाऱ्या तंत्राचा) रिपोर्ट म्हणतो झेड-ॲव्हरेज, म्हणजे सरासरी व्यास, 64 आणि पीडीआय, म्हणजे मापांतला पसारा, 0.43. इंटेन्सिटीच्या (कोणत्या मापाच्या कणांनी किती प्रकाश विखुरला याच्या) ग्राफवर दोन पीक आहेत: एक 29 ला, क्षेत्रफळाचा साधारण 35 टक्के वाटा असलेला, आणि दुसरा 190 च्या आसपास, उरलेले 65 टक्के घेऊन बसलेला. सॉफ्टवेअरमध्ये ‘नंबर’चा, म्हणजे कणांच्या संख्येनुसार वितरण दाखवणारा टॅब दाबला की दोन्ही गायब, आणि 16 ला एकच सुबक पीक. गाईड म्हणतात नंबरचाच ग्राफ लाव, टीईएमशी जुळतोय. तुम्ही विचारताय, चालेल का?

नाही चालणार. ‘नियमात बसत नाही’ एवढंच माझं म्हणणं नाही. तो 16 टीईएमशी जुळतच नाही. टीईएममध्ये दिसतो तो धातूचा गाभा, कोरडा, व्हॅक्यूममधला. डीएलएस मोजतं तो द्रवात फिरणाऱ्या कणाचा व्यास, म्हणजे गाभा, त्यावरचा पीव्हीपी आणि त्याच्यासोबत ओढलं जाणारं पाणी, सगळं धरून. हा व्यास गाभ्यापेक्षा मोठाच यायला हवा. 20 च्या गाभ्यावर थर चढवून 16 कसे होतील? जवळचा आकडा दिसला की आपण सुटकेचा निःश्वास टाकतो, पण इथे तो चुकीच्या बाजूने जवळ आहे.

खरा प्रश्न ‘कोणता टॅब’ हा नाहीच. या सगळ्या आकड्यांपैकी मशीनने मोजलेलं किती आणि सॉफ्टवेअरने अंदाजाने काढलेलं किती, हा आहे.

मशीन आकार मोजत नाही. लेझरचा प्रकाश कणांवरून विखुरतो, कण ब्राउनियन गतीने हलत असतात, म्हणून डिटेक्टरवरची तीव्रता सतत थरथरत असते. ती थरथर किती वेळात आपली ओळख विसरते, याचा आलेख म्हणजे कोरिलेशन कर्व्ह. लहान कण वेगाने हलतात, कर्व्ह लवकर कोसळतो; मोठे कण रेंगाळतात, कर्व्ह उशिरा उतरतो. मोजमाप इथे संपलं. पुढे कर्व्हच्या उतारावरून विसरणाचा (डिफ्यूजनचा, म्हणजे कण द्रवात पसरण्याचा) वेग काढतात आणि स्टोक्स-आइनस्टाइनच्या समीकरणाने त्याचा व्यास करतात. त्या समीकरणात तापमान आणि द्रवाची व्हिस्कॉसिटी (दाटपणा) लागते, आणि विसरणाचा वेग काढताना द्रवाचा अपवर्तनांक. तापमान मशीन सांभाळतं. बाकी दोन्ही तुम्ही मेन्यूमधून निवडलेले असतात, किंवा आधीच्या विद्यार्थ्याने निवडून ठेवलेले असतात.

झेड-ॲव्हरेज आणि पीडीआय हे दोन आकडे या कर्व्हच्या सर्वात जवळचे. क्युम्युलंट पद्धत (1972 मध्ये कॉपेल यांनी मांडलेली, आता आयएसओ 22412 या मानकात असलेली) कर्व्हच्या सुरुवातीच्या भागावर एक साधं वक्र बसवते: सरासरी उतार म्हणजे झेड-ॲव्हरेज, त्यातला पसारा म्हणजे पीडीआय. इथे सॉफ्टवेअरला फारशी मोकळीक नसते.

इंटेन्सिटीचं वितरण ही त्यापुढची पायरी. अनेक घातीय वक्रांची बेरीज म्हणून कर्व्ह उलगडायचा. गणिताच्या दृष्टीने हा प्रश्न कुरूप आहे: थोडासा नॉइज असला तरी अगदी वेगवेगळी वितरणं त्याच कर्व्हवर तितकीच छान बसतात. म्हणून सॉफ्टवेअर ‘गुळगुळीत उत्तर दे’ अशी अट घालतं. प्रोव्हेंचर यांचा 1982 चा कॉन्टिन प्रोग्रॅम त्याच जातीचा. ही अट किती कडक ठेवायची हे ॲनालिसिस मोड ठरवतो. त्याच डेटावर मोड बदला आणि बघा, एकाचे दोन पीक होतील किंवा दोघांचा एक. दोन आकारांत साधारण तिपटीचं अंतर नसेल तर डीएलएसला ते वेगळे दाखवता येत नाहीत, हे लक्षात असू द्या. तुमचे 29 आणि 190 त्या कसोटीला उतरतात. म्हणजे दुसरा पीक मोडच्या लहरीतून आला असण्याची शक्यता कमी.

नंबरचा टॅब ही अंदाजावर चढवलेली आणखी एक पायरी. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान कणाकडून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घातात वाढतो. 190 हे 29 च्या साडेसहा पट, सहावा घात केला की एक मोठा कण सुमारे 79 हजार लहान कणांइतका उजळ. वर्गात सगळे कुजबुजत असताना एकाने लाऊडस्पीकर लावावा, तसं. म्हणून इंटेन्सिटीवरून संख्येकडे जाताना सॉफ्टवेअर उजवीकडची बाजू प्रचंड मोठ्या आकड्यांनी भागतं आणि डावीकडची फुगवतं.

आता मघाची गुळगुळीतपणाची अट आठवा. तिच्यामुळे 29 चा पीक मुळात असेल त्यापेक्षा रुंद दिसतो, त्याची डावी शेपटी 15-16 पर्यंत पसरते. त्या शेपटीत कण असतीलच असं नाही, ती बहुतेक अल्गोरिदमची पसरण आहे. पण सहाव्या घाताने भागल्यावर हीच शेपटी सगळ्यात उंच होते. तुमचा 16 तिथून आला. म्हणून नंबरचं वितरण टीईएमपेक्षाही लहान येणं मी नेहमी बघतो, आणि ते दिसलं की मला रुंदीची शंका येते, कणांची नाही.

वर आणखी एक भानगड. संख्येकडे जाताना मी (Mie) यांचा प्रकाश विखुरण्याचा सिद्धांत वापरला जातो, आणि त्याला कणाच्या पदार्थाचा अपवर्तनांक आणि शोषण लागतं. इंटेन्सिटी आणि झेड-ॲव्हरेजला यांची गरज नसते, त्यामुळे कुणी लक्ष देत नाही. बऱ्याच लॅबमध्ये तिथे पॉलिस्टायरीन लॅटेक्सचे 1.59 आणि 0.01 तसेच पडून असतात. चांदी हा धातू आहे. 633 नॅनोमीटरला तिचा अपवर्तनांक 1 च्याही खूप खाली आणि शोषणाचा आकडा 4 च्या आसपास. तुमच्या रिपोर्टच्या पहिल्या पानावर मटेरियलसमोर काय लिहिलंय ते जरूर बघा.

मग तुमच्या टीईएमवरून डीएलएसने किती दाखवायला हवं होतं? हा हिशेब करून बघण्यासारखा आहे. 20 कमीजास्त 4 म्हणजे 20 टक्के पसारा. असं वितरण लॉग-नॉर्मल धरलं आणि प्रत्येक कणाला त्याच्या उजळपणाचं वजन दिलं, तर झेड-ॲव्हरेज 24 ते 25 येतो, कारण मोठे कण जास्त बोलतात. त्यावर पीव्हीपीचा थर दोन्ही बाजूंनी दोन-तीन नॅनोमीटर धरा (थर किती जाड हे पीव्हीपीच्या लांबीवर आहे, तुम्ही ती लिहिलेली नाही). म्हणजे 29-30. तुमचा इंटेन्सिटीचा पहिला पीक बरोबर तिथे आहे! टीईएम आणि डीएलएस जुळतायत, फक्त ते जुळणं तुम्ही ज्या टॅबवर शोधताय तिथे नाही.

पण त्याच हिशेबाने पीडीआय 0.04 च्या आसपास यायला हवा होता, तुमचा आहे 0.43. हा फरक कणांच्या मूळ पसाऱ्यातून येऊच शकत नाही. तो 190 वाल्या पाहुण्यांमुळे आहे. ते कोण, हे शोधणं हे तुमचं खरं काम.

त्याआधी एक गोष्ट, जिच्यावर सगळंच अवलंबून आहे. तुम्ही माध्यम सांगितलेलं नाही. कण इथेनॉलने धुतले होते एवढंच लिहिलंय. मोजताना ते शुद्ध पाण्यात होते की पाणी-इथेनॉलच्या मिश्रणात? 25 अंशांना पाण्याची व्हिस्कॉसिटी 0.89 मिलिपास्कल-सेकंद, शुद्ध इथेनॉलची 1.1 च्या जवळ. पण दोघांचं निम्मं-निम्मं मिश्रण या दोघांच्या मध्ये बसत नाही, ते 2.4 च्या आसपास जातं. सॉफ्टवेअरमध्ये ‘वॉटर’ असताना अशा मिश्रणात मोजलं, तर अपवर्तनांकातला फरक धरूनही सगळे व्यास अडीच पटीहून थोडे जास्त फुगून येतात. तसं झालं असेल तर तुमचा 64 खरा 25 असेल आणि 29 चा पीक 11 ला येईल, धातूच्या गाभ्यापेक्षाही लहान. मग वरचा माझा सगळा सुंदर हिशेब योगायोग ठरेल आणि अर्थ नव्याने लावावा लागेल. शेवटच्या धुण्यानंतर इथेनॉल पूर्ण काढून कण पाण्यात घेतले होते, असं समजून मी पुढे जातो. तसं नसेल तर इथेच थांबा आणि पाण्यात घेऊन परत मोजा.

आता कर्व्ह. रिपोर्टमध्ये तो नसला तरी सॉफ्टवेअरमध्ये असतोच, आणि मी कुणाचाही आकडा बघण्याआधी तो उघडायला सांगतो. मागच्या बाजूने, म्हणजे 173 अंशांना मोजणारं 633 नॅनोमीटरचं मशीन धरलं तर पाण्यातला 20 नॅनोमीटरचा कण कर्व्हला साधारण 30 मायक्रोसेकंदांत उतरवतो, 200 नॅनोमीटरचा 300 मायक्रोसेकंदांत. तुमच्या कर्व्हला या दोन जागी दोन उतार किंवा निदान एक लांबट, पाय ओढणारा उतार दिसायला हवा. सुरुवातीची उंची, म्हणजे इंटरसेप्ट, मशीनप्रमाणे बदलतो, पण बऱ्याच मशीनवर चांगल्या सॅम्पलला तो 0.85 ते 0.95 असतो. तो खूप खाली असेल तर प्रकाश एकाहून जास्त वेळा विखुरतोय किंवा सॅम्पल स्वतःच चमकतंय; 1 च्या वर गेला तर एखादा मोठा कण बीममधून पोहत गेलाय.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटचं टोक. कर्व्ह उतरल्यावर शून्यावर सपाट झोपला पाहिजे. मिलिसेकंदांच्या पुढे तो वर लटकलेला, लाटालाटांचा असेल तर ती धूळ किंवा तळाला बसत असलेले मोठे तुकडे. अशा वेळी 190 हा आकडा खरा नसतो, अल्गोरिदमने त्या लटकण्याला कुठेतरी जागा दिलेली असते. उलट टोक स्वच्छ सपाट असेल आणि पाच-सहा रन (मोजमापाच्या फेऱ्या) एकावर एक ठेवल्यावर सगळे कर्व्ह सारखे दिसत असतील, तर 190 चे गठ्ठे खरोखर सॅम्पलमध्ये आहेत.

रन एकेक करूनही बघा, सरासरीवर जाऊ नका. झेड-ॲव्हरेज रनगणिक चढत असेल तर कण तुमच्या डोळ्यांदेखत एकमेकांना चिकटतायत. उतरत असेल तर मोठे खाली बसतायत. वेडावाकडा उड्या मारत असेल तर धूळ, बुडबुडे किंवा तापमान अजून स्थिरावलेलं नाही.

सॅम्पलच्या बाजूने मी या क्रमाने जातो. आधी नुसतं पाणी, तेच जे तुम्ही डायल्यूट करायला वापरता, त्याच क्युव्हेटमध्ये (मोजायच्या छोट्या पारदर्शक कुपीत). त्याचा काउंट रेट, म्हणजे डिटेक्टरवर येणारा प्रकाश, सॅम्पलच्या जवळपास असेल तर पुढचं सगळं व्यर्थ. पाणी 0.2 मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून घ्या आणि पहिले काही थेंब फेकून द्या, कारण नव्या फिल्टरमधून स्वतःचाच कचरा धुऊन निघतो. सॅम्पल मात्र लगेच फिल्टर करू नका. 190 नॅनोमीटरच्या गुठळ्या त्या जाळीतून कशाबशा जातात किंवा जात नाहीत, आणि तुम्हाला शोधायचाय तोच पुरावा फिल्टरवर राहतो. आधी न गाळता, मग गाळून, असं दोनदा मोजलं आणि दुसरा पीक गेला, तर ‘तो गाळता येतो’ एवढं कळलं. तो का होता हे अजून कळलेलं नाही.

मग डायल्यूशन. एकच सॅम्पल तीन-चार पातळ्यांवर मोजा, दरवेळी निम्म्याने कमी करत. आकडा जिथे बदलायचा थांबतो तो पट्टा तुमचा. गर्दीत दोन विरुद्ध गोष्टी होतात: अनेकदा विखुरल्याने आकार लहान दिसतो, एकमेकांची वाट अडल्याने मोठा. एकाच पातळीवर मोजून यातलं काय चाललंय ते ओळखता येत नाही. आणखी एक, शुद्ध डीआयोनाइज्ड पाण्यात कणाभोवतीचा विद्युतभार लांबवर पसरतो आणि कण जरा जड झाल्यासारखा हळू हलतो. लॅटेक्स स्टँडर्ड 10 मिलिमोलर मिठाच्या पाण्यात मोजतात ते यासाठीच. चांदीला मात्र साधं मीठ घालू नका, क्लोराइड तिच्याशी भांडतं आणि तुम्ही मोजायला गेलेली गोष्टच बदलते. सोडियम नायट्रेट बरं, तेही एक मिलिमोलरपासून सुरू करून, वाढवल्यावर कण चिकटत नाहीत ना हे बघत.

कण गोल आहेत की लांबट-चपटे, याबद्दलही एकदा विचार करा. टीईएममध्ये तुमचे कण गोल आहेत असं तुम्ही म्हणता, म्हणून मी पुढे गेलो. सोन्याच्या नॅनोरॉडच्या डीएलएसमध्ये 5-10 नॅनोमीटरला एक पीक येतो आणि लोक त्याला ‘लहान कणांची दुसरी वस्ती’ म्हणतात. ती वस्ती नसते, रॉडचं स्वतःभोवती फिरणं असतं. स्टोक्स-आइनस्टाइनच्या समीकरणात गोलाशिवाय दुसरं काही बसत नाही. चांदीच्या प्लेट किंवा प्रिझम असतील तर तोच सापळा.

हे सगळं करण्याआधी एक स्वस्त तपासणी: यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रम. 20 नॅनोमीटरची सुटी चांदी 400 च्या आसपास टोकदार पीक देते. 500 ते 700 मध्ये लांब शेपूट किंवा उंचवटा असेल तर गुठळ्यांना दुसरा साक्षीदार मिळाला. तिथे काहीच नसेल आणि डीएलएस 190 दाखवत असेल, तर गुठळ्या अगदी थोड्या आहेत किंवा ते चांदीचं नाहीच. किती थोड्या, याचा मोघम अंदाज सहाव्या घातावरून निघतो: तुमच्या 35 आणि 65 च्या वाट्याने दर चाळीस-एक हजार सुट्या कणांमागे एक मोठा, आणि वस्तुमानाने एक टक्क्याहूनही कमी. गुठळ्या सैल असतात आणि एवढ्या मोठ्या आकाराला सहावा घात नेमका लागू नसतो, म्हणून हा आकडा प्रबंधात घालू नका. पण 64 बघून ‘सिंथेसिस फसली’ असं वाटत असेल तर तो घोर काढून टाका. टीईएमच्या दोन-चारशे मोजलेल्या कणांत असा एखादा मोठा सापडण्याची शक्यताच नव्हती, आणि सापडला असता तरी ग्रिडवर वाळताना चिकटला असेल म्हणून तुम्हीच तो वगळला असता.

आता लिहायचं काय. ते कशासाठी मोजलं यावर आहे. दावा सिंथेसिसने कोणत्या मापाचा गाभा तयार झाला हा असेल, तर टीईएमचा 20 कमीजास्त 4 हाच मुख्य आकडा आणि मोजलेल्या कणांची संख्या सोबत. दावा द्रवातल्या वागण्याचा असेल, म्हणजे स्थिरता, पेशींवरचा परिणाम, साठवण, तर डीएलएस पुढे यायला हवं, गुठळ्यांसकट, कारण पेशींना त्या गुठळ्याही भेटणार आहेत. दोन्ही दावे असतील तर दोन्ही आकडे, वेगवेगळ्या नावांनी: एक ‘गाभ्याचा व्यास’, दुसरा ‘हायड्रोडायनॅमिक व्यास’. एकाने दुसऱ्यावर शिक्कामोर्तब करायची गरज नाही.

डीएलएसचं वाक्य साधारण असं होईल: ‘25 अंश सेल्सिअसला पाण्यात, 173 अंशांच्या कोनात केलेल्या मोजमापात झेड-ॲव्हरेज 64 नॅनोमीटर व पीडीआय 0.43 आढळला, इंटेन्सिटी वितरणात 29 आणि 190 नॅनोमीटरला दोन पीक दिसले, त्यांपैकी पहिला टीईएमवरून अपेक्षित व्यासाशी सुसंगत असून दुसरा अल्प प्रमाणातील गुठळ्यांचा असावा.’ यात कणांचं द्रवातलं प्रमाण (कॉन्सन्ट्रेशन), डायल्यूशन, रनची संख्या आणि रनमधला फरक घाला, आणि कर्व्ह परिशिष्टात लावा. आता पीडीआय 0.43 असताना झेड-ॲव्हरेज एकटा लिहू नका, तो दोन वस्त्यांची सरासरी आहे आणि 64 नॅनोमीटरचा कण त्या क्युव्हेटमध्ये कदाचित एकही नसेल.

गाईडना पटवताना नंबरच्या टॅबवर वाद घालत बसू नका. त्यांच्यासमोर वरचा 24-25 आणि थराचा हिशेब ठेवा आणि 29 च्या पीकवर बोट ठेवा; त्यांना हवी असलेली जुळणी तिथे आहे आणि ती परीक्षकाच्या प्रश्नापुढेही टिकते. तरीही नंबरचा ग्राफ हवाच असेल तर परिशिष्टात, चांदीचे खरे ऑप्टिकल आकडे भरून, ‘इंटेन्सिटीवरून रूपांतरित’ असं स्पष्ट लिहून. संख्येनेच वितरण दाखवणं कामासाठी गरजेचं असेल, तर एकेका कणाचा माग काढून मोजणारं एनटीए वापरा किंवा टीईएममध्ये आणखी कण मोजा.

माध्यम काय होतं, मटेरियलसमोर कोणते आकडे होते आणि कर्व्हचं शेवटचं टोक कसं दिसतं, या तीन गोष्टी इथेच खाली कळवा. त्या बघितल्याशिवाय 190 धूळ की गुठळ्या, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही.